मल्टीमीटर २३० दाखवतो, तरी गीझर लावला की दिवे मंदावतात

तक्रार साधारण अशी येते. सकाळी गीझर लावला की दिवे किंचित मंदावतात, पाणी पूर्वीपेक्षा उशिरा तापतं, कधीतरी बोर्डाजवळ जळका वास येतो आणि लगेच विरतो. वायरमन येतो तो संध्याकाळी, गीझर बंद असताना. टेस्टर लावतो, टेस्टर झकास पेटतो. मल्टीमीटर लावतो, तो २३४ दाखवतो. "व्होल्टेज एकदम ओके आहे काका, कॉइलच गेली असणार," म्हणत कॉइल बदलली जाते. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. पुण्यात थंडी पडली की कोथरूड-कर्वेनगरच्या पंचवीस-तीस वर्षं जुन्या सोसायट्यांमधून हे गाऱ्हाणं हमखास ऐकू येतं. पेठांतल्या ज्या वाड्यांत अजून ॲल्युमिनियमची वायरिंग शिल्लक आहे, तिथे तर ते बारमाही.

२३४ हा आकडा खराच आहे. पण तो घेतला तेव्हा त्या वायरमधून करंट वाहत नव्हता, आणि करंट नसेल तर ढिला जॉइंट कोणता आणि पक्का कोणता हे मल्टीमीटरला कळायला मार्गच नाही. सगळी गोम इथे आहे, म्हणून आधी थोडं गणित करू. फार नाही, गुणाकार-भागाकारापुरतं.

गीझरच्या वाटेवर कोण कोण उभं आहे

घरातली उपकरणं समांतर जोडणीत असतात हे दहावीला सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. त्यामुळे एकसर जोडणी म्हटलं की परीक्षेतलं गणित आणि गणपतीतली जुनी माळ, एवढंच डोक्यात राहतं. पण एकट्या गीझरची वाट धरून चालत जा. रस्त्यावरून आलेली सर्व्हिस केबल, कटआउट, मीटर, मेन स्विच, एमसीबी (करंट प्रमाणाबाहेर वाढला की आपोआप पडणारं बटण), भिंतीतली वायर, जंक्शन बॉक्समधला जॉइंट, १६ अँपिअरचं बटण, सॉकेटची पितळी पट्टी, प्लगची पिन, मग कॉइल, आणि तिथून न्यूट्रलच्या वाटेने परत. ही सगळी मंडळी एकामागोमाग एक, सिरीजमध्ये आहेत. सगळ्यांतून करंट तेवढाच वाहतो. व्होल्टेज मात्र ज्याच्या त्याच्या रोधाच्या प्रमाणात वाटलं जातं, आणि सगळ्यांच्या वाट्यांची बेरीज पुरवठ्याच्या व्होल्टेजएवढी भरते. किरखॉफने १८४५ साली मांडलेला नियम तो हाच, आणि गीझरच्या बोर्डामागे तो आजही चोख पाळला जातो.

दोन किलोवॅटचा साठवणीचा गीझर घ्या. २३० व्होल्टवर तो ८.७ अँपिअर घेतो, म्हणजे कॉइलचा रोध साधारण २६.५ ओहम. घरातली वायर आणि जॉइंट धडधाकट असतील तर त्या सगळ्यांचा मिळून रोध एका ओहमच्या पुष्कळ आत राहतो. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला साडेसात ओहमच्या आसपास असतो. डीबीपासून, म्हणजे घरातल्या एमसीबींच्या पेटीपासून, बाथरूमपर्यंत १५ मीटर जायचे आणि १५ यायचे धरले तर ०.२२ ओहम. त्यावर पडणारं व्होल्टेज दोनच्या आत. एवढं पडणारच, त्यात काही दोष नाही.

आता सॉकेटमागचा एक स्क्रू ढिला पडून तिथे दीड ओहम तयार झाला असं समजू. एकूण रोध २८ ओहम, करंट ८.२ अँपिअर. स्क्रूवर १२ व्होल्ट पडले, कॉइलला २१८ मिळाले. गीझरचं यात फारसं काही अडत नाही. त्याची ताकद दहा टक्क्यांनी घटते, पाणी थोडं सावकाश तापतं. खरा घोळ स्क्रूपाशी आहे. १२ व्होल्ट गुणिले ८.२ अँपिअर, म्हणजे हरभऱ्याएवढ्या जागेत जवळजवळ १०० वॅट उष्णता. रेडिओवाल्याची सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते, एवढ्यावरून अंदाज करा. प्लास्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी, मग तो वास येतो.

एमसीबी का पडत नाही, असा प्रश्न इथे लोक विचारतात. पडणार कसा? वाटेत रोध वाढल्यावर करंट कमी झाला, ८.७ चा ८.२. एमसीबीच्या लेखी सगळं आधीपेक्षा बरंच चाललंय. आरसीसीबीचंही तेच. तो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट ताडून पाहतो; ढिल्या स्क्रूवर काही गळत नाही, दोन्ही बाजू सारख्याच भरतात. म्हणजे डीबीतल्या नेहमीच्या संरक्षणांपैकी एकाचंही लक्ष या बिघाडाकडे नसतं. तो शोधायचा तर माणसानेच शोधावा लागतो.

आणि तो पुन्हा पुन्हा का येतो? रोज सकाळी जॉइंट तापतो आणि फुगतो, गीझर बंद झाला की आकसतो. या ओढाताणीत स्क्रू आणखी ढिला होतो. तापलेल्या तांब्यावर काळा थर चढतो, रोध वाढतो, उद्या आणखी तापतो. वायरमनने स्क्रू पिळून दिला की काही दिवस बरे जातात, पण जळकी तार तशीच आत असल्याने चक्र पुन्हा सुरू होतं. कॉइल बदलल्यावर बरं वाटतं त्याचंही रहस्य बहुधा एवढंच, की त्या निमित्ताने कुणीतरी प्लग काढून परत घट्ट बसवलेला असतो.

दिवे मंद होतात म्हणून स्टॅबिलायझर आणणाऱ्यांना माझा स्पष्ट विरोध आहे. जॉइंट घरात आधीच कुठेतरी खराब असेल आणि त्याच्या पुढे स्टॅबिलायझर लावला, तर आत व्होल्टेज कमी आलं की तो बाहेर वाढवून देण्यासाठी लाइनमधून जास्त करंट ओढतो. जास्त करंट म्हणजे त्याच जॉइंटवर जास्त व्होल्टेज आणि जास्त उष्णता. दिवा उजळतो आणि जॉइंट जळतो.

मल्टीमीटर फसतो का?

फसत नाही, त्याला विचारलेला प्रश्न चुकतो. डिजिटल मल्टीमीटरचा स्वतःचा रोध साधारण १० मेगाओहम, म्हणजे एक कोटी ओहम. गीझर बंद ठेवून सॉकेटमध्ये त्याच्या तारा घातल्या की वाटेवरचा लोड तोच. एक कोटी ओहमसमोर दीड ओहमची काय कथा! जॉइंटचा रोध दीडऐवजी दहा हजार ओहम झाला, म्हणजे जॉइंट जवळपास तुटल्यातच जमा झाला, तरी मल्टीमीटर २३० ऐवजी २२९.८ दाखवेल. टेस्टरचंही तेच. त्यातल्या निऑनच्या पुढे मोठा रोध बसवलेला असतो, म्हणूनच तो हातात धरता येतो. तो पेटला याचा अर्थ फेजशी कुठूनतरी धागा जुळलेला आहे, बस्स. त्या धाग्यावरून ८ अँपिअर जाऊ शकतील का, हे तो सांगत नाही.

नऊ वॅटचा एलईडी दिवाही तसाच. त्याला अँपिअरचे काही शतांशच लागतात, दीड ओहमच्या जॉइंटवर त्याने व्होल्टचा दहावा हिस्सा पडला तरी खूप. म्हणून त्याच खराब वायरीवर दिवा वर्षानुवर्षं सुखाने जळतो, आणि घरमालक छातीठोकपणे सांगतो, "वायरिंगला काही झालेलं नाही, दिवा बघा ना कसा लख्ख आहे."

तेव्हा मोजायचं ते लोड चालू ठेवून. गीझर स्वतःच उत्तम लोड आहे. जिथे गीझर नाही तिथे १००० वॅटची इस्त्री वापरा, ती चार अँपिअरच्या वर घेते. फक्त थर्मोस्टॅटने मध्येच बंद केली तर आकडा फसवेल, म्हणून तिचा लाल दिवा चालू असतानाच वाचा. मल्टीमीटर तपकीर गल्लीत स्वस्तातला मिळतो, पण मेन लाइनवर वापरायचा असेल तर ज्यावर कॅट थ्री ६०० व्होल्ट लिहिलेलं आहे आणि ज्याच्या तारांचं आवरण जाड आहे असाच घ्या. यात काटकसर नको.

शोध कसा घ्यायचा

पहिली चाचणी सॉकेटवरूनच होते, बोर्ड उघडावा लागत नाही. गीझर बंद ठेवून हॉलमधल्या सॉकेटचं व्होल्टेज वाचा. मग गीझर लावून तिथेच पुन्हा वाचा. समजा आधी २३६ होतं आणि नंतर २३५. मग सामायिक वाट, म्हणजे सर्व्हिस केबलपासून डीबीपर्यंतची, ठीक आहे. बिघाड डीबीच्या पुढे, गीझरच्या फांदीवर आहे. हॉलमध्येही २३६ वरून २२२ झालं तर १४ व्होल्ट त्या वाटेवर पडताहेत जी हॉल आणि गीझर दोघांची आहे: मेन स्विच, मीटरच्या आसपास, कटआउट, किंवा बाहेर. घरभर दिवे मंदावत असतील तर बहुतेक वेळा हेच निघतं. अशा वेळी त्याच फेजवरच्या शेजाऱ्याला दोन मिनिटं मल्टीमीटर लावायला सांगा. तुमचा गीझर लागला की त्याचंही व्होल्टेज तेवढंच घसरत असेल, तर दोष तुम्हा दोघांच्याही मागे आहे.

दुसरी चाचणी मला सगळ्यांत आवडते, कारण ती फेजची बाजू की न्यूट्रलची हे एका फटक्यात सांगते. हॉलच्या त्याच सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज वाचा, गीझर बंद आणि गीझर चालू. एक व्होल्टच्या आसपास होतं आणि गीझर लागताच १३-१४ वर गेलं, तर ते व्होल्टेज न्यूट्रलच्या वाटेवर अडलंय. न्यूट्रल-अर्थ जागचं हललं नाही आणि फेज-अर्थ तेवढंच खाली आलं, तर फेजची बाजू तपासा. अट एकच: अर्थिंग खरोखर अस्तित्वात हवं. पुण्यातल्या जुन्या इमारतींत अर्थिंगची पट्टी गंजून केव्हाच तुटलेली असते, तेव्हा फेज-अर्थ वाचल्यावर ५०-८० असा काहीतरी विचित्र आकडा आला तर आधी अर्थिंगवाल्याला बोलवा, बाकीचं नंतर.

बिघाड गीझरच्याच फांदीवर असेल तर मल्टीमीटरच्या आधी हात आणि डोळे वापरा. गीझर दहा मिनिटं चालवा, एमसीबी खाली करा, प्लग काढा आणि पिना चाचपून बघा. कोमट असल्या तर चालेल. बोट टेकवत नसेल तर जागा सापडली. तीनपैकी एकच पिन काळवंडलेली असते, आणि सॉकेटवर त्याच भोकाभोवती पिवळसर वलय असतं.

तिसरी चाचणी बोर्ड उघडून, चालू लाइनवर होते, म्हणून ती ज्याचा हात रोजचा आहे त्यानेच करावी. गीझर चालू ठेवून मल्टीमीटरचं एक टोक वस्तूच्या अलीकडे आणि दुसरं पलीकडे लावायचं: बटणाच्या दोन स्क्रूंवर, एमसीबीच्या वर आणि खाली, जॉइंटच्या दोन्ही अंगांना. चांगल्या बटणावर व्होल्टचा लहानसा अंश दिसतो. दोन व्होल्ट दिसले तर ८ अँपिअरला १६ वॅट त्या बटणात जिरताहेत, ते बदला. इथे शून्याजवळचा आकडा पास आणि मोठा आकडा नापास, हे वायरमनच्या नेहमीच्या सवयीच्या बरोबर उलट आहे. तो २३० शोधत फिरतो. आपण विचारायचं असतं की जे गीझरपर्यंत पोचलं नाही ते व्होल्टेज कुठे अडलंय. सिरीजमध्ये व्होल्टेज हरवत नाही. ते कुणाच्या तरी अंगावर पडलेलं असतंच, आणि ज्याच्या अंगावर पडलंय तोच दोषी.

जोडताना

जळकी तार तशीच पुन्हा पिळू नका. काळी झालेली लांबी कापून टाका, लखलखीत तांबं दिसेपर्यंत मागे या, मग थिंबल (तारेच्या टोकावर बसवायची धातूची टोपी) लावून क्रिंप करा, म्हणजे पक्कडीने घट्ट दाबा, आणि स्क्रूखाली घ्या. काही जण तारेच्या टोकाला सोल्डर चढवून स्क्रूखाली दाबतात. दिसायला छान दिसतं, पण सोल्डर मऊ असतो, दाबाखाली हळूहळू पसरतो आणि स्क्रू पुन्हा ढिला. सॉकेट बदलताना प्लगही बदला. खड्डे पडलेली जुनी पिन नव्या सॉकेटची पट्टी महिन्या-दोन महिन्यांत जाळते, आणि दोष "हल्लीच्या मालाला" दिला जातो. ॲल्युमिनियमची वायर असेल तर तिला तांब्याची तार गुंडाळून वर काळी टेप हा प्रकार बंद करा. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढतो आणि तो वीज अडवतो. त्यासाठी दोन्ही धातूंचा लग किंवा कनेक्टर मिळतो, तोच वापरा. काम झाल्यावर पहिल्या दोन चाचण्या पुन्हा करा आणि आकडे, तारखेसकट, डीबीच्या दाराच्या आत लिहून ठेवा. पुढच्या थंडीत ताडून बघायला कामी येतात.

आता एक उपकथा, कारण फर्निचरवाल्याने सिलिंगमध्ये लावलेल्या एलईडी पट्ट्यांबद्दल हाच प्रश्न वारंवार येतो: सुरुवात लख्ख, शेवट मरगळलेला. १२ व्होल्टच्या पट्टीत तीन एलईडी आणि एक रेझिस्टर असे सिरीजमधले छोटे गट असतात, म्हणून ती तीन-तीन एलईडीवरच कापता येते. पांढऱ्या एलईडीला प्रत्येकी तीनेक व्होल्ट लागतात, म्हणजे तिघांना ९, आणि उरलेले ३ रेझिस्टरवर. पट्टीतल्या पातळ तांब्यावर दीड व्होल्ट पडून शेवटच्या गटाला १०.५ च मिळाले, तर एलईडी आपले ९ जवळपास तसेच घेतात आणि रेझिस्टरवर उरतात १.५. त्याच्यातून जाणारा करंट निम्मा. व्होल्टेज आठवा हिस्सा कमी आणि करंट निम्मा, एवढी तफावत यामुळे. ॲडॉप्टर मोठा आणून उपयोग नाही. पट्टीच्या दोन्ही टोकांना जाड वायरने पुरवठा द्या.

दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो

ढिला जॉइंट वाढत वाढत शेवटी सुटला की पूर्ण बिघाड होतो. तो न्यूट्रलच्या बाजूला सुटला तर घरचे घाबरून फोन करतात: "दोन्ही भोकांत टेस्टर लागतोय, पण काहीच चालत नाही! दोन फेज आल्यात का?" बहुतेक वेळा नाही. न्यूट्रल वाटेत तुटलाय आणि घरात कुठेतरी पंख्याचं किंवा दिव्याचं बटण चालू राहिलंय. करंट वाहतच नसल्याने पंख्यावर काही व्होल्टेज पडत नाही, त्यामुळे पंख्याच्या पलीकडची न्यूट्रलची वायरसुद्धा फेजएवढ्याच व्होल्टेजला जाऊन बसते. सगळे २३० व्होल्ट तुटलेल्या जागेच्या दोन टोकांमध्ये. खात्री करायची तर घरातली सगळी बटणं बंद करा आणि प्लग काढा; न्यूट्रलच्या भोकातला टेस्टर विझला तर निदान पक्कं. त्या वायरला "न्यूट्रलच आहे" म्हणून हात लावू नका. हात लावणारा माणूस पंख्याबरोबर सिरीजमध्ये उभा राहतो, आणि शरीराचा रोध पंख्यापेक्षा जास्त असल्याने मोठा वाटा शरीरावरच पडतो.

गणपतीच्या जुन्या तांदूळ-बल्बच्या माळेतही हेच चालतं. एक बल्ब गेला की सगळी माळ बंद, आणि मल्टीमीटरने एकेक बल्बची टोकं तपासली तर सगळीकडे शून्य, मेलेल्या बल्बवर तेवढे पूर्ण २३०. मंडळातली पोरं तो बल्ब काढून दोन तारा पिळून टाकतात. माळ पेटते, पण ४० बल्बांना प्रत्येकी पावणेसहा व्होल्ट मिळत होते ते चार बल्ब वगळल्यावर ३६ ना ६.४ मिळू लागतात. फिलामेंटचं आयुष्य व्होल्टेजच्या बाबतीत फार हळवं असतं. एवढ्या अकरा टक्क्यांनी ते साधारण चौथाईवर येतं. म्हणून पहिला बल्ब जायला तीन गणपती लागतात आणि पुढचे दहा एकाच विसर्जनाआधी जातात.

न्यूट्रल गेल्यावरचा एक जुगाड मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. "न्यूट्रल मिळत नाहीये ना, अर्थिंगवरून घेतो," असं म्हणणारा माणूस भेटला तर त्याला तिथेच थांबवा. पुणे बसाल्टच्या कातळावर वसलेलं आहे. मुरूम लागला तर ठीक, कातळ लागला तर अर्थिंगचा रोध कमी ठेवणं अवघड जातं. तो १० ओहम धरा. गीझरचे २६.५ आणि जमिनीचे १०, करंट ६.३ अँपिअर, आणि अर्थिंगच्या वायरवर ६३ व्होल्ट. ती वायर घरातल्या फ्रिजच्या, वॉशिंग मशीनच्या, मिक्सरच्या धातूच्या अंगाला जोडलेली आहे. म्हणजे सकाळी गीझर लागला की सगळ्या उपकरणांची अंगं जिवंत. आरसीसीबी असेल तर तो लगेच पडतो, मग हाच माणूस "हा सारखा पडतोय" म्हणून आरसीसीबीही बायपास करून जातो.

सोसायटीचाच न्यूट्रल गेला तर

हे सगळ्यांत महागात पडतं. इमारतीत तीन फेज येतात, एका फ्लॅटला एक, दुसऱ्याला दुसरी, आणि न्यूट्रल सगळ्यांचा सामायिक. मीटररूममध्ये किंवा त्याच्याही मागे तो सामायिक न्यूट्रल सुटला की समांतर असलेले शेजारी क्षणात सिरीजमध्ये येतात, तेही दोन फेजमधल्या सुमारे ४०० व्होल्टवर. खालच्या फ्लॅटमध्ये दोन किलोवॅटचा गीझर चालू आहे, २६.५ ओहम. वरच्या फ्लॅटमध्ये फक्त फ्रिज, टीव्ही आणि दोन दिवे, मिळून २०० वॅट. ते २६५ ओहमच्या आसपास. तिसऱ्या फेजवर कोणी नाही असं धरू. ४०० व्होल्टची वाटणी कशी होईल? गीझरवाल्याला ३६, आणि बिचाऱ्या कमी वीज वापरणाऱ्याला ३६० च्या पुढे. उपकरणांचा रोध व्होल्टेजबरोबर बदलतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे थोडे वेगळे निघतील, पण वाटणीची दिशा हीच. ज्याच्याकडे लोड कमी त्याचा रोध जास्त, आणि सिरीजमध्ये जास्त रोधाला जास्त व्होल्टेज. म्हणून गावाला गेलेल्यांच्या घरातला फ्रिज, राउटर आणि सेट-टॉप बॉक्स जळतात आणि गीझर लावणाऱ्याला फक्त थंड पाणी मिळतं.

लक्षण ओळखू येतं: तुमचे दिवे नेहमीपेक्षा लख्ख, पंखा पिसाटल्यासारखा, आणि त्याच वेळी जिन्यातून कुणीतरी ओरडतंय की त्यांच्याकडे दिवे विझायला आलेत. मोजत बसू नका, मेन खाली करा. एमसीबी इथेही मदतीला येत नाही. त्याला करंट कळतो, व्होल्टेज नाही. डीबीत अंडर-ओव्हर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवलेला असेल तर तो आधीच तोडेल, आणि जुन्या इमारतीत राहणाऱ्यांनी एका फ्रिजच्या किमतीपेक्षा कितीतरी स्वस्तातला तो बसवून घ्यावा असं माझं मत आहे. मीटरच्या मागचं, पुरवठ्याच्या बाजूचं सगळं सीलबंद असतं, तिथे सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनलाही हात घालू देऊ नका. १९१२ वर फोन करून महावितरणला कळवा. नुसतं "व्होल्टेज कमी-जास्त होतंय" म्हणालात तर तक्रार रांगेत जाईल. "एका फ्लॅटचे दिवे भडकलेत, दुसऱ्याचे विझायला आलेत, सामायिक न्यूट्रल गेलाय" असं सांगा. आणि माणूस येऊन न्यूट्रल जोडेपर्यंत बिल्डिंगमध्ये कुणालाच मेन वर करू देऊ नका. "माझ्याकडे लाइट नीट आहे," म्हणणाऱ्यालाही नाही, कारण खालच्याने गीझरचं बटण दाबलं की त्याचाही आकडा बदलणार आहे.